उजव्या सीटखालचा दगड

फियाट अकराशे, साल अठ्ठावन्न.
रंग कधीकाळी शेवाळी असावा,
आता दाराच्या आतल्या कडेला तेवढा उरलाय, नखाएवढा.
अस्मारात, गिर्मायच्या पत्र्याच्या शेडमध्ये
ती चार ठोकळ्यांवर उभी आहे
आणि चाकं भिंतीशी, शिक्षा झालेल्या पोरांसारखी.

गिर्माय ड्रम उघडतो, फुंकर मारतो.
मी ओरडते, तोंड वळव, विषारी असते ती धूळ.
तो हसतो, खोकतो, पुन्हा फुंकर मारतो.

"पुढे डिस्क टाक," म्हणतो,
"एकशे चोवीसच्या बसतील, हब जरा तासला की.
मस्सावाला जायचंय ना तुला?
साडेसात हजार फूट उतरायचंय. एका दुपारी."

उतार मला नको सांगू.
तो मी मागच्या सीटवरून पोटाने मोजलाय:
नेफासितला कानात दडे,
गिंदाला स्वेटर काढायचे,
आणि मध्येच कुठेतरी तो वास,
केस जळल्यासारखा.
मग बाबा दुसऱ्या गिअरमध्ये, ओठ मिटून,
आणि गाडीत कुणीच काही बोलायचं नाही,
जणू शब्दांचंही वजन चाकांवर पडेल.

तोरिनोहून आलेले एक गृहस्थ दोनदा बघून गेले.
पांढरे बूट. तेलाच्या डागांवरून उड्या मारत चालायचे.
म्हणाले, ब्रेकना हात लावू नका, मूळ आहे तशीच हवी,
किंमत मुळाला असते.
त्याच संध्याकाळी गिर्मायने उजवं पुढचं चाक तपासलं.
ब्रेकची नळी हातोडीने चेपलेली,
टोक दुमडून वर तांब्याचा थेंब.
बाबांचं काम. ओळखलं मी, तो तांब्याचा थेंब किती नीटस होता.

सुटे भाग मिळत नव्हते त्या वर्षांत
गाडी तीन चाकांवर थांबत होती.
आता मूळ म्हणजे कुठलं?
चार ब्रेकचं की तीन?
त्या गृहस्थांना विचारायचं राहून गेलं.

सीट उचलली तेव्हा दगड सापडला.
पाचरीसारखा, एका अंगाने काळा, रबराने घासून.
घरी नेऊन आईपुढे ठेवला.
ती कॉफीच्या बिया भाजत होती. मान वर न करता म्हणाली,
"हो, ते माझं खातं होतं."

गाडी पुरती थांबायच्या आधी दार उघडायचं,
उडी मारायची, चाकाखाली दगड सारायचा.
चढावर मागून, उतारावर पुढून.
"तू पोटात होतीस तेव्हाही, सातवा महिना."
कुणी शिकवलं?
"शिकवायचं काय त्यात? पहिल्यांदा उतरले,
हाताला लागला तो घेतला."
तेवीस वर्षं तोच?
"चांगला दगड सहजी मिळतो का गं?"

आयुष्यभर मला वाटत आलं
की आम्हाला खाली बाबांनी नेलं.

मी डिस्क टाकल्या.
फार विचार करून नाही. गिर्मायने मंगळवारी विचारलं, मी हो म्हटलं,
एवढंच. मागचे ड्रम ठेवले,
पेडलचं रबरही, डाव्या कोपऱ्यात झिजलेलं.
बाजारामागच्या उतारावर चाचणी घेतली,
गाडी अशी थांबली की गिर्मायची टोपी काचेवर.
तो खूश. मी जरा भ्यालेच,
इतक्या चटकन थांबायची या गाडीला सवय नाही.

रविवारी आई तयार होऊन आली.
पांढरा नेत्सेला, पायात प्लास्टिकच्या सपाता.
बसली, दार ओढलं,
आणि टाच सीटखाली चाचपडू लागली.

"कुठे गेला?"

आई, आता लागत नाही. नवे ब्रेक आहेत.

तिने पुढे बघितलं. रस्त्याकडे,
जिथे वळणाच्या खाली धुकं साचलं होतं.
टाच अजून शोधतच होती.

दगड शेडमध्ये होता,
गिर्मायच्या बिलांवर, वाऱ्याने उडू नयेत म्हणून.
मी उतरले, आत गेले, उचलला.

बिलं सगळी उडाली.